गेट (इलेक्ट्रिकल) : आठ हजार रुपयांत तयारी कशी करावी? सल्ला हवा आहे

चोपडेकरीण

नमस्कार. मी चोपडा तालुक्यात राहते. इलेक्ट्रिकल शाखेची पदवी घेऊन काही वर्षे झाली असून सध्या एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवते. येत्या फेब्रुवारीत गेट ही एम.टेक. प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी आणि गुण बरे मिळाले, तर पॉवर सिस्टिम्स किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या विषयात पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घ्यावा, असा विचार आहे. गेटच्या गुणांवर प्रवेश घेणाऱ्यांना दरमहा 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते आणि ती मिळाली तरच काम सोडून शिकणे मला परवडणार आहे.

अर्जाचे शुल्क धरून माझ्याजवळ 8,000 रुपये आहेत. यात वाढ होणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. पहाटे दोन तास आणि रात्री स्वयंपाकपाणी आटोपल्यावर तासभर अभ्यास होतो, रविवारी थोडा अधिक. पुण्याला जाऊन राहणे शक्य नाही. पुस्तके घ्यावीत, टेस्ट सिरीज घ्यावी, की रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचा क्लास लावावा, याबद्दल स्वतः परीक्षा दिलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

दीपनगरचा_टर्बाइन

ताई, आपला निश्चय पाहून आनंद झाला. मात्र गेट ही आठ हजारांत उरकण्याची गोष्ट नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो. मी पुण्यात राहून क्लास केला. क्लासची फी, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा हिशेब घरी अजूनही निघतो, पण आज मी एका सार्वजनिक उपक्रमात अधिकारी आहे आणि तो सगळा खर्च पहिल्या वर्षातच भरून निघाला. निदान रेकॉर्ड केलेला पूर्ण अभ्यासक्रम तरी घ्यावा. हप्त्यांची सोय असते.

दुसरे असे की, एम.टेक.च का? पॉवर ग्रिडसारख्या कंपन्यांनी इलेक्ट्रिकलच्या गेट गुणांवर प्रशिक्षणार्थी अभियंत्यांची भरती केलेली आहे. शिष्यवृत्तीवर दोन वर्षे काढण्यापेक्षा थेट पगार केव्हाही चांगला.

यावलचे_बापू

हप्त्यांची सोय असते, हे खरे आहे. फी परत देण्याची सोय मात्र नसते. माझ्या मुलाने एका क्लासची फी एकरकमी भरली. केळीचे पैसे नुकतेच हाती आले होते, म्हणून मीही फारशी चौकशी केली नाही. दिवाळीनंतर शिकवणारे दोन्ही प्राध्यापक दुसऱ्या क्लासमध्ये गेले आणि उरलेल्या विषयांसाठी आधीच्या वर्षीच्या ध्वनिचित्रफिती दाखवण्यात आल्या. तक्रार केली, तेव्हा पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला नियम पुढे करण्यात आला. पैसे देण्यापूर्वी पावतीची मागची बाजू वाचावी, एवढेच सांगतो.

प्रति_एकक

मूळ प्रश्नाकडे येतो. काय विकत घ्यावे, हे ठरवण्याआधी परीक्षेत नेमके काय विचारतात, ते पाहावे. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्यांपैकी 15 गुण सामान्य क्षमतेला, 13 गुण अभियांत्रिकी गणिताला आणि 72 गुण शाखेच्या विषयांना असतात. म्हणजे 28 गुण अशा भागाचे आहेत, ज्यासाठी यंत्रे, संरक्षण प्रणाली वगैरे काहीही उघडावे लागत नाही, आणि नेमका हाच भाग नोकरी करणारे लोक डिसेंबरवर ढकलतात. तो आधी संपवावा.

प्रश्न तीन प्रकारचे असतात. चारांतून एक पर्याय निवडण्याच्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एका गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश गुण कापले जातात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, असा प्रकार 2021 पासून आला. त्यात चुकीला वजावट नाही, पण सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, अर्धेमुर्धे काही मिळत नाही. तिसऱ्या प्रकारात पर्यायच नसतात, उत्तर आकड्यात भरायचे असते आणि तिथेही वजावट नसते. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना 2021 च्या आधीच्या पत्रिकांत हा दुसरा प्रकार दिसणार नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. विषय पक्के करण्यासाठी एनपीटीईएलवर आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने मोफत आहेत, फक्त ती लांबलचक असतात. आपण स्वतः शिकवत असल्यामुळे सगळी ऐकण्याची गरज पडू नये.

जळगावकर_८८

वर सांगितल्याप्रमाणे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात आणि एनपीटीईएल पाहावे. त्याशिवाय एक चांगला टॅब घ्यावा. मी घेतलेला टॅब साधारण वीस हजारांना पडला. त्यावर पेनाने लिहिता येते, व्याख्याने उतरवून ठेवता येतात आणि वीज गेली तरी अभ्यास थांबत नाही. अजूनही उत्तम चालतो. मुलगी सध्या त्यावर चित्रे काढते.

चोपडेकरीण

सर्वांचे आभार. बजेट आठ हजारच आहे, हे पुन्हा एकदा नम्रपणे नोंदवते. बापू, पावतीची सूचना लक्षात ठेवली आहे. दीपनगरकर, नोकरीचा मुद्दा योग्य आहे, परंतु मला शिकवायचेच आहे आणि कायम होण्याच्या दृष्टीने एम.टेक.चा उपयोग होईल. प्रति_एकक यांना एक शंका विचारते : विद्युतचुंबकीय क्षेत्रे आणि अ‍ॅनलॉग इलेक्ट्रॉनिक्स हे दोन विषय पूर्णपणे सोडून दिले तर चालेल का?

प्रति_एकक

पूर्णपणे सोडू नयेत. क्षेत्रांवर थोडेच प्रश्न येतात, पण त्यांतला एखादा गाऊसच्या नियमावरचा सरळ प्रश्न असतो, तो हातचा का घालवावा? अ‍ॅनलॉगमध्ये निदान ऑप-अ‍ॅम्पची (संकेत वाढवणाऱ्या घटकाची) साधी मंडले करावीत.

दीपनगरचा_टर्बाइन

एकही विषय सोडू नये. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगितले होते. विषय सोडणारा उमेदवार कट-ऑफच्या अलीकडेच अडकतो.

सातपुड्याचा_वारा

दीपनगरकरांच्या क्लासमध्ये दिवसाचे आठ-दहा तास अभ्यास करणारी मुले होती. ताईंना तीन तास आहेत. तीन तासांत सगळे विषय वरवर होतात आणि वरवर वाचलेल्यावर दोन गुणांचा प्रश्न सुटत नाही. मी कंट्रोल सिस्टिम्स, यंत्रे, पॉवर सिस्टिम्स, मंडले आणि गणित एवढेच नीट केले आणि मनासारख्या एनआयटीत प्रवेश मिळवला. बाकीच्या विषयांचे प्रश्न अंदाजपंचे सोडवले.

प्रति_एकक

अंदाजपंचे सोडवण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला, तर एक चतुर्थांश वेळा एक गुण मिळतो आणि तीन चतुर्थांश वेळा एक तृतीयांश जातो, सरासरी शून्य. त्या प्रश्नावर घालवलेली मिनिटे फुकट. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर मात्र हिशेब आपल्या बाजूने झुकतो : उरलेल्या तीनांत अंदाज केल्यास एका गुणाच्या प्रश्नामागे सरासरीने एक नवमांश गुण पदरात पडतो. म्हणून अंदाज तिथेच करावा.

सातपुड्याचा_वारा

हिशेब मान्य आहे. परंतु तो परीक्षा संपल्यावर घरी बसून करण्याचा हिशेब आहे. शेवटच्या दहा मिनिटांत नवमांश कोण मोजतो?

यावलचे_बापू

जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर पाहून सोडवू नयेत, कागदावर छापून घ्याव्यात. मुलाचे डोळे खराब झाले ते त्यामुळेच. जळगावला बसस्थानकाच्या आसपास झेरॉक्स स्वस्तात होते.

जळगावकर_८८

बापू, ती दुकाने आता तितकी स्वस्त राहिलेली नाहीत. पानांच्या दोन्ही बाजूंना छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतल्यास महाविद्यालयाजवळ स्वस्त पडते. मी तसेच केले होते, पण बाइंडिंग एका महिन्यात सुटले.

यावलचे_बापू

महाविद्यालयाजवळच्या दुकानात काळी रेघ उमटते आणि मंडलातील रोध कोणता आणि तार कोणती, ते कळत नाही.

रेल्वे_क्वार्टर_भुसावळ

झेरॉक्सवरून पुढे जाऊ या. एक गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावर एक आभासी कॅल्क्युलेटर असतो आणि तो माउसनेच चालवावा लागतो, कारण कळफलक बंद ठेवलेला असतो. आकड्यातले उत्तरसुद्धा पडद्यावरच्या कळांवर माउसने टिचकी मारून भरावे लागते.

आपल्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर आपण आधी कॉस इन्व्हर्स दाबून मग आकडा लिहितो. या कॅल्क्युलेटरवर आधी 0.8 लिहावे लागते आणि मग कॉस इन्व्हर्सची कळ दाबावी लागते. वर डिग्री आणि रेडियन यांची निवड असते. डिग्री निवडलेली असेल, तर 36.87 येते, रेडियन असेल, तर 0.6435 येते, आणि घाईत तोच आकडा पुढच्या पायरीत जातो. पर्याय नसलेल्या प्रश्नात अशी चूक लक्षातही येत नाही. संमिश्र संख्यांचा गुणाकार थेट होत नाही, त्यामुळे पॉवर सिस्टिम्समध्ये परिमाण आणि कोन वेगवेगळे हाताळावे लागतात. विषय पाठ असणारी माझ्या ओळखीची मुले इथे वेळेत मागे पडली आहेत. गेटच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा आणि हाच कॅल्क्युलेटर मोफत उपलब्ध करून देतात. टेस्ट सिरीज घ्या किंवा घेऊ नका, पण आजपासून प्रत्येक गणित याच कॅल्क्युलेटरवर करा.

परीक्षेच्या शहराबद्दलही सांगतो. अर्जात शहरांचा प्राधान्यक्रम विचारतात आणि मी मुदतीच्या अगदी शेवटी अर्ज केल्यामुळे की काय, मला नाशिक मिळाले. सकाळचे सत्र साडेनऊला सुरू होते. रात्रीच्या गाडीने नाशिक रोडला उतरलो, केंद्र शहराबाहेर निघाले, आणि रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे मुकाट्याने द्यावे लागले. त्या रिक्षेचा संताप पहिले दहा प्रश्न होईपर्यंत उतरला नव्हता. अर्ज पहिल्याच आठवड्यात भरावा आणि प्रवासाचे पैसे बजेटमध्ये धरावेत.

सातपुड्याचा_वारा

शिष्यवृत्तीबद्दल एक खुलासा करतो. ती पूर्णवेळ, गेटच्या गुणांवर प्रवेश घेतलेल्यांना मिळते आणि त्याबदल्यात आठवड्याला आठ तास प्रयोगशाळेत किंवा शिकवणीत मदत करावी लागते. संस्थेने पुरस्कृत केलेल्या किंवा अर्धवेळ प्रवेशाला ती मिळत नाही. तंत्रनिकेतनाने रजा देऊन पाठवण्याची तयारी दाखवलीच, तर आधी हे तपासावे. एनआयटींसाठी सीसीएमटी ही सामायिक प्रवेश प्रक्रिया आहे. आयआयटींसाठी मात्र प्रत्येक संस्थेत वेगळा अर्ज करावा लागतो आणि सीओएपी या संकेतस्थळावर फक्त आलेला प्रस्ताव स्वीकारायचा, राखून ठेवायचा किंवा नाकारायचा असतो. गुण तीन वर्षे वैध राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मनासारखी संस्था मिळाली नाही, तरी गुण वाया जात नाहीत.

जळगावकर_८८

बाजारात तुरी! ताईंनी अजून अर्जही भरलेला नाही. आधी तयारीचे बोलू या. टॅब नको असेल, तर निदान टेस्ट सिरीज घ्यावी, या मतावर मी ठाम आहे.

दीपनगरचा_टर्बाइन

टेस्ट सिरीजला माझाही पाठिंबा आहे. पण माझा स्पष्ट सल्ला असा की, या वर्षी घाई न करता पैसे साठवावेत आणि पुढच्या वर्षी व्यवस्थित क्लास लावून परीक्षा द्यावी.

चोपडेकरीण

पुन्हा एकदा सर्वांचे मनापासून आभार. मी घेतलेला निर्णय बहुतेकांना पटणार नाही, तरीही आपण वेळ दिलात, म्हणून तो इथे लिहिणे योग्य वाटते.

क्लास लावणार नाही आणि टेस्ट सिरीजही घेणार नाही. भुसावळकरांचा प्रतिसाद वाचल्यानंतर मी आमच्या प्रयोगशाळेतील संगणकावर बसून तो कॅल्क्युलेटर वापरून पाहिला. ट्रान्सफॉर्मरच्या कार्यक्षमतेचे जे गणित मी वर्गात फळ्यावर बोलता बोलता सोडवते, त्याला मला वर्गाच्या दुप्पट वेळ लागला, कारण माझी सगळी तयारी मोबाइलवर वाचून आणि वहीत लिहून झालेली आहे. प्रयोगशाळा रविवारी बंद असते आणि घरी संगणक नाही. भावाचा जुना सीपीयू पडून आहे. म्हणून आठ हजारांतला मोठा हिस्सा वापरलेला मॉनिटर, माउस आणि कळफलक यांवर खर्च करणार आहे. चोपड्यातच एका दुरुस्तीच्या दुकानात मॉनिटर पाहून ठेवला आहे. जुन्या प्रश्नपत्रिका त्याच पडद्यावर, घड्याळ लावून सोडवीन, त्यामुळे झेरॉक्स जळगावला करायची की महाविद्यालयाजवळ, हा वाद माझ्यापुरता मिटला. 2026 च्या परीक्षेला महिलांसाठी अर्जाचे शुल्क 1,000 रुपये होते. तेवढे आणि गरज पडल्यास नाशिकच्या प्रवासाचे पैसे बाजूला ठेवले आहेत. रिक्षाचे धरून.

विद्युतचुंबकीय क्षेत्रे पूर्णपणे सोडत आहे. प्रति_एकक यांचा सल्ला योग्य असला, तरी तो गाऊसचा प्रश्न मी आधीही कधी बरोबर सोडवला नव्हता. ऑप-अ‍ॅम्प मात्र करते. परीक्षा याच फेब्रुवारीत देईन.

दीपनगरचा_टर्बाइन

ताई, निर्णय आपला आहे, परंतु मॉनिटरला पैसे घालण्याऐवजी त्याच पैशांत एक चांगली टेस्ट सिरीज आली असती, हे माझे मत कायम आहे. शुभेच्छा.

यावलचे_बापू

मॉनिटर घेताना पावती घ्यावी आणि ती उलटून वाचावी.

रेल्वे_क्वार्टर_भुसावळ

माउस तारेचाच घ्यावा. परीक्षा केंद्रावर मला तसाच मिळाला होता, आणि त्याची डावी कळ घट्ट होती.