स्क्रॅचिंगच्या स्पर्धेत खऱ्या रेकॉर्डची अट असावी का?

महालकर:

येत्या हिवाळ्यात नागपुरात हौशी डीजेंसाठी स्क्रॅचिंगची एक छोटी स्पर्धा घ्यावी, असे आम्ही काही मित्र ठरवत आहोत आणि नियमांच्या पहिल्याच कलमावर आमच्यात मतभेद झाला आहे. माझे मत असे आहे की स्पर्धकाने दोन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारी यंत्रे), त्यांचे आवाज मिसळणारा एक मिक्सर आणि ज्यांच्या खाचांत खरोखर ध्वनी कोरलेला आहे अशा रेकॉर्ड एवढ्यावरच वाजवावे. लॅपटॉप, कंट्रोलर (संगणकातली गाणी हाताळण्याचा चाके-बटणांचा फलक) आणि सीडीजे (डीजेंचे सीडी वाजवण्याचे यंत्र) यांना मंचावर जागा नसावी. आपल्या शहरात ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांपुढे येतात, म्हणून आधीच सांगतो की मी बोलतो आहे ते रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून तिच्यातून नवा ताल काढण्याच्या कलेविषयी.

ही कला त्या यंत्रातूनच जन्मली आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ग्रँड विझार्ड थिओडोर या शाळकरी वयाच्या मुलाने, फिरती रेकॉर्ड हाताने थोपवताना येणारा आवाज हेरला आणि त्यालाच वाद्य मानले. ग्रँडमास्टर फ्लॅशने रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करून हवी ती जागा अचूक पकडण्याची पद्धत बसवली आणि रेकॉर्डखाली फेल्टची चकती घालून, खालची थाळी फिरत राहिली तरी वरची रेकॉर्ड हाताच्या ताब्यात राहील अशी सोय केली. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलवर हे नीट जमत नाही, कारण रेकॉर्ड उलटी ओढली की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर गती यायला वेळ लागतो. मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनी मोटर थेट थाळीच्या आसाशी जोडली, त्यातून पुढे १९७२ मध्ये टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल आणि १९७९ मध्ये त्याची एमके२ आवृत्ती आली. ती साधारण ०.७ सेकंदात पूर्ण गती घेते. बोटाखालची खाच, सुईचा भार, चकतीचे घसरणे आणि मोटरची ओढ या चारही गोष्टींशी एकाच वेळी झुंजणे म्हणजे स्क्रॅचिंग. यातली एकही काढली, तर परीक्षक नेमके कशाचे गुण देणार?

सक्करदऱ्याचा साउंडवाला:

महालकर भाऊ, तुम्ही सांगितलेला इतिहास खरा आहे, पण तो २००० च्या आधीच थांबतो. पुढे संगणकातली गाणी टर्नटेबलवरून वाजवू देणाऱ्या प्रणाली आल्या: २००१ च्या सुमारास फायनल स्क्रॅच आणि २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह. या पद्धतीत टर्नटेबल तेच, सुई तीच, चकती तीच आणि रेकॉर्डही फिरतीच असते. फरक एवढाच, की तिच्या खाचांत गाण्याऐवजी संकेताचा स्वर कोरलेला असतो. सेराटोच्या रेकॉर्डवर तो १००० हर्ट्झचा आहे. संगणक त्या स्वराच्या वारंवारतेवरून गती ओळखतो, डाव्या आणि उजव्या वाहिनीतल्या कलांतरावरून, म्हणजे दोन लहरींपैकी कोणती पुढे आहे यावरून, दिशा ओळखतो आणि त्यात गुंफलेल्या संकेतावरून सुई रेकॉर्डवर नेमकी कुठे आहे हे ओळखतो. हाताला करावे लागणारे काम तसूभरही कमी होत नाही.

राहिला विलंबाचा आक्षेप, म्हणजे संगणकामुळे आवाज हातामागून उशिरा येतो हा, जो नेहमीच घेतला जातो. सेकंदाला ध्वनीच्या ४४,१०० नमुन्यांच्या दराने १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) ठेवला, तर त्याचा विलंब सुमारे २.९ मिलिसेकंद होतो. ध्वनीला हवेतून एक मीटर जायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मॉनिटर स्पीकर तीन मीटर लांब ठेवला, तर निव्वळ खऱ्या रेकॉर्ड वाजवणाऱ्या माणसालाही सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचे मी इतक्या वर्षांच्या मंचकामात ऐकले नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या अटीच्या विरुद्ध जाते. डीएमसी या जागतिक स्पर्धेत १९८६ मध्ये डीजे चीज स्क्रॅचिंग घेऊन उतरला आणि जिंकला; तोवर ती प्रामुख्याने गाणी जोडण्याची, म्हणजे मिक्सिंगची स्पर्धा होती. त्या वेळच्या आयोजकांनी आधीच्या पद्धतीलाच नियम केले असते, तर ज्या कलेसाठी तुम्ही आज झटत आहात तिला तो मंच मिळाला नसता. पुढे त्याच स्पर्धेने संकेत-रेकॉर्डलाही परवानगी दिली.

महालकर:

संकेत-रेकॉर्डवरचा तुमचा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, म्हणून त्यालाच सविस्तर उत्तर देतो. चुंबकीय कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणाऱ्या भागातून, मिळणारा विद्युतदाब सुईच्या हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. हात रेकॉर्ड अगदी हळू सरकवतो किंवा दिशा बदलताना क्षणभर थांबवतो, तेव्हा संकेताचा स्वर क्षीण होतो, त्याची वारंवारता थोड्या हर्ट्झवर उतरते आणि संगणकाला अंदाज बांधावा लागतो. खऱ्या रेकॉर्डवरही अशा क्षणी आवाज क्षीण होतो, मात्र तिथे अंदाज बांधणारा मध्यस्थ नसतो. जे हालले तेच ऐकू येते. संथ, ओढून घेतलेल्या स्क्रॅचमध्ये हा फरक कान देऊन ऐकणाऱ्याला जाणवतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा मुद्दा जोखमीचा. संकेत-प्रणाली सापेक्ष पद्धतीवर लावली, म्हणजे तिला सुईची जागा सोडून फक्त गती आणि दिशा पाहायला सांगितले, की सुई उडाली तरी गाणे जागचे हलत नाही. खऱ्या रेकॉर्डवर सुई उडाली की सादरीकरण तिथेच कोसळते, आणि ती उडू नये म्हणून मनगट हलके ठेवण्यात वादकाची अनेक वर्षे जातात. शिवाय हॉट क्यूचे बटण दाबले की हवी ती जागा क्षणात हाती येते. दोन सारख्या रेकॉर्ड घेऊन एक उलटी फिरवत नेमक्या ठोक्यावर आणण्याचे, म्हणजे बीट जगलिंगचे, निम्मे श्रम तिथेच वाचतात.

मानेवाड्याची विद्यार्थिनी:

सर, मी कंट्रोलरवर शिकते आणि माझ्यासारखे बहुतेक जण तसेच शिकतात, म्हणून हा नियम आमच्या बाजूनेही पाहावा ही विनंती. नवी दोन टर्नटेबल आणि बरा मिक्सर यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. सुया झिजतात. स्क्रॅचिंग करणाऱ्यांची पहिली पसंती असलेले एम४४-७ हे कार्ट्रिज बनवणाऱ्या शुअर कंपनीने तर २०१८ मध्ये कार्ट्रिजचा व्यवसायच बंद केला. रेकॉर्ड मागवायच्या तर परदेशातून, आणि त्या टिकवायच्या नागपूरच्या उन्हाळ्यात. रेकॉर्डचे प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत तेवढे तापमान सहज होते. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई उडते, तो दोष मनगटाचा नसतो.

कंट्रोलरमध्ये उणिवा आहेत, हे मला मान्य आहे. त्याच्या साध्या जॉग व्हीलमध्ये, म्हणजे रेकॉर्डऐवजी फिरवायच्या चाकात, मोटर नसते, त्यामुळे हात सोडल्यावर रेकॉर्डला गती पकडताना येणारी ओढ मिळत नाही, आणि व्यासही लहान असल्याने बोटांची चाल आखूड होते. परंतु क्रॉसफेडर, म्हणजे आवाज चालू-बंद करणारी मिक्सरवरची सरकपट्टी, खराच असतो. चर्प, ट्रान्सफॉर्मर, फ्लेअर, क्रॅब या स्क्रॅचच्या सर्व प्रकारांत आवाज कापण्याचे काम फेडरवरचा हात करतो; क्रॅबमध्ये तर अंगठ्याच्या आधाराने चार बोटे एकामागून एक फेडरवर आपटावी लागतात आणि त्यासाठी लागणारा सराव कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. तुमच्या अटीमुळे हा हात ऐकलाच जाणार नाही.

प्रतापनगरचा तबलावादक:

मी या क्षेत्रातला नाही, पण विद्यार्थिनीने मांडलेला दुसऱ्या हाताचा मुद्दा मला पटला. तबल्यात डग्ग्यावरचा हात मींड काढतो आणि चाटीवरचा हात बोल कापतो. दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय ठेका उभा राहत नाही. स्क्रॅचिंगमध्येही रेकॉर्डवरचा हात स्वर वळवतो आणि फेडरवरचा हात त्याचे तुकडे करतो. मात्र यावरून मी विद्यार्थिनीच्या उलट निष्कर्षाला येतो. वाद्यच उत्तर देत नसेल, तर वळवणारा हात घडत नाही. डग्ग्याचे कातडे तळहाताला जे सांगते ते इलेक्ट्रॉनिक पॅड सांगत नाही, आणि पॅडवर वेगाने वाजवणारी मुले डग्ग्यावर बसली की अडखळतात, हे मी शिकवताना नेहमी पाहतो. म्हणून महालकरांच्या अटीला माझा पाठिंबा आहे.

सक्करदऱ्याचा साउंडवाला:

गुरुजी, पॅडची उपमा साध्या जॉग व्हीलला लागू पडते, पण रेन ट्वेल्व्हसारख्या यंत्रात बारा इंची, मोटरवर फिरणारी थाळी असते आणि ती हाताला उत्तर देते. महालकर भाऊंनी सांगितलेल्या सुई उडण्याच्या जोखमीबद्दलही बोलतो. सभागृहाच्या लाकडी मंचावर खालच्या पट्टीचा आवाज वाढला, की कंपने टर्नटेबलमधून सुईपर्यंत पोहोचतात आणि घरघर सुरू होते. ती थोपवणे हे आमचे, साउंडवाल्यांचे काम आहे. मंच नीट बांधला नाही म्हणून सुई उडाली आणि त्यात एखाद्या मुलाचे गुण गेले, तर त्याला मी कौशल्याची परीक्षा मानणार नाही. सिंक (दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळवणारी सोय) आणि हॉट क्यू बंद ठेवण्याचा नियम करा, त्याला माझी हरकत नाही; ते पडद्यावर तपासताही येते. संकेत-रेकॉर्ड मात्र बाहेर ठेवू नका.

महालकर:

सिंक आणि हॉट क्यूवरच्या बंदीबाबत आपण एकमत आहोत, तेव्हा ते कलम पक्के समजतो. मंचाखाली काँक्रीटचे ठोकळे आणि रबर घालण्याची जबाबदारी आयोजकांची राहील. खऱ्या रेकॉर्डची अट मी मागे घेत नाही, कारण या शहरात ती ऐकण्याची संधी दुसरीकडे कुठे मिळणार नाही. खर्चाचा आक्षेप न्याय्य आहे. त्यावर उपाय म्हणून दोन टर्नटेबल, सुया आणि एकाच गाण्याच्या दोन-दोन प्रती आम्ही पुरवू, आणि स्पर्धेआधीचे दोन महिने दर शनिवारी व रविवारी संध्याकाळी महाल भागातली आमची खोली सरावासाठी सर्वांना खुली ठेवू.

मानेवाड्याची विद्यार्थिनी:

खोलीबद्दल मनापासून आभार, मी नक्की येईन. पण आठवड्याच्या दोन संध्याकाळी दहा-बारा जणांत वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला तासभरही येणार नाही, आणि ज्यांच्या घरी टर्नटेबल आहे ते रोज वाजवत असतील. अट ठेवायचीच असेल, तर स्पर्धा या हिवाळ्यात न घेता पुढच्या हिवाळ्यात घ्यावी आणि खोली आतापासून उघडावी. ते शक्य नसेल, तर यंदा संकेत-रेकॉर्ड आणि मोटरच्या थाळीची यंत्रे यांना प्रवेश द्यावा. या दोहोंपैकी आपल्याला काय मान्य आहे, ते कळवावे.