यशयाचा कोप नेमका कोणावर?

तर्ककर्कश : बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, पैंजण, नथी, आरसे, शाली असे 21 जिन्नस मोजून परमेश्वर सीयोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, कन्यांना टक्कल करण्याची धमकी देतो. राज्य पुरुषांनी बुडवले आणि कोप मात्र बायकांच्या नटण्यावर!

नगरची लेक : आपण सोळाव्या वचनापासून वाचायला घेतलेत, म्हणून हे सुचले. त्याआधीच वडीलजन आणि सरदार यांच्यावर आरोप ठेवलेला आहे, कारण गरिबांची लूट त्यांच्याच घरांत आहे. ते पैंजण त्या लुटीतूनच घडले असणार. दुसऱ्या अध्यायात तर लबानोनचे गंधसरू, उंच बुरूज, तार्शीशची गलबते, असे जे जे म्हणून ताठ उभे आहे त्या सर्वांवर परमेश्वराचा न्यायाचा दिवस येतो.

तर्ककर्कश : गंधसरूंना कोणी चारचौघांत बांगड्या उतरवायला लावत नाही. माझ्या बहिणीला ऐन लग्नात त्या उतरवाव्या लागल्या, त्या याच उताऱ्याचा दाखला देणाऱ्या एका उपदेशकामुळे, आणि त्याच्या स्वतःच्या मनगटावर सोनेरी घड्याळ होते.

अलिबागचा बेने इस्राएल : त्या घड्याळवाल्याने बाविसावा अध्याय वाचावा. राजवाड्याचा कारभारी शेबना उंच खडकात स्वतःसाठी थडगे कोरवून घेतो आणि परमेश्वर त्याला चेंडूसारखा दूरदेशी भिरकावण्याचे ठरवतो. यरुशलेमजवळ सिलवान येथे 1870 साली अशाच एका थडग्यावरचा लेख सापडला. पुरातत्त्वज्ञ अविगाद यांनी तो 1953 मध्ये उलगडला : येथे सोने-चांदी नाही, केवळ त्याची आणि त्याच्या दासीची हाडे आहेत, उघडणारा शापित असो. ते थडगे शेबनाचेच!

नगरची लेक : कशावरून? लेखातल्या नावाचे अखेरचे ‘याहू’, देवाच्या नावावरून आलेले नेहमीचे शेपूट, तेवढे उरले आहे. त्या काळी यहूदाच्या राज्यात दगड भिरकावला तरी एखाद्या ‘याहू’लाच लागला असता.

अलिबागचा बेने इस्राएल : हुद्दा ‘राजवाड्याचा कारभारी’ हाच कोरलेला आहे, आणि त्या हुद्द्यावर यहूदातले सगळेच ‘याहू’ बसले नव्हते. बाई, थट्टा करण्याआधी लेख पूर्ण वाचावा.

नगरची लेक : वाचला आहे, शेबनाचे पूर्ण नाव शबन्याहू असू शकते, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करते.

तर्ककर्कश : थडग्याचा निकाल आपण सावकाश लावा. पुरुषाच्या गर्वालाही शिक्षा सुनावली गेली, हे मी मान्य करतो. परंतु शेबनाला नाव घेऊन, एकट्याला, तर कन्यांना सरसकट. शिवाय छत्तिसाव्या अध्यायात हाच शेबना चिटणीस म्हणून अश्शूरी सेनापतीसमोर हजर आहे. भिरकावलेला चेंडू कचेरीतच पडला म्हणायचा!