कॅप्रीहून आलेलं पत्र

बी-६०३ काकू: लेक इटलीतल्या कॅप्री बेटावर गेलीये, तिने पाठवलेले फोटो टाकलेत. वर कड्यावर पडकं बांधकाम दिसतंय ना, ती व्हिला जोव्हिस, रोमन सम्राट टायबेरियसचा वाडा. एवढ्या आडजागी कशाला राहायचा हा?

ए-२०१: हवा खायला, काकू 😄

सी-४०४ आजोबा: हवा कसली, धास्ती. इ.स. २६ ला रोम सोडलं ते ३७ मध्ये मरेपर्यंत शहरात पाऊल टाकलं नाही. बेटावर उतरायच्या जागा मोजक्याच. पहारेकऱ्यांना चुकवून कोणी येणं अशक्य.

ए-२०१: मग कारभार?

सी-४०४ आजोबा: सेजानस बघायचा. सम्राटाच्या रक्षक दलाचा प्रमुख. हे शिपाई आधी विखुरलेले असत, ह्याने सगळ्यांना रोमलाच एका छावणीत आणलं. छावणीच्या भिंती अजून उभ्या आहेत, लेकीला सांगा बघायला. आणि २६ सालीच स्पर्लोंगाच्या गुहेत जेवताना वरून दगड कोसळले. लोक पळाले, सेजानस सम्राटावर ओणवा होऊन राहिला. मग काय, म्हातारा त्याच्याविरुद्ध ऐकेचना.

डी-१०२: आजोबा, पण टायबेरियसच्या मुलाला, द्रुससला, विष ह्यानेच घातलं ना? २३ साली?

सी-४०४ आजोबा: तसं सांगतात. पण उघड झालं ८ वर्षांनी, सेजानस मेल्यावर. त्याने टाकलेल्या बायकोने, आपिकाटाने, पत्र लिहून ठेवलं आणि जीव दिला. तिच्या थोरल्या मुलाला नुकतंच मारलेलं. अशा अवस्थेतली साक्ष मी डोळे झाकून मानणार नाही.

बी-६०३ काकू: मरताना खोटं बोलून तिला काय मिळणार होतं?

डी-१०२: आणि २५ साली त्याच द्रुससच्या विधवेशी, लिव्हिलाशी, लग्नाची परवानगी मागितली ते?

सी-४०४ आजोबा: हाव होतीच रे, नाही कुठे म्हणतोय? विष सिद्ध होत नाही, एवढंच. सम्राटाने नाही म्हटलं, तेही गोड बोलून.

ए-२०१: मग शेवटी सम्राटाचे डोळे उघडले कसे?

सी-४०४ आजोबा: इतिहासकार योसेफस लिहितो, सम्राटाच्या भावजयीने, अँटोनियाने, सेजानसबद्दल सावध करणारं पत्र गुपचूप पाठवलं. ही लिव्हिलाची आई बरं का! पुढचं खरं बघण्यासारखं. १८ ऑक्टोबर ३१. पॅलटाइन टेकडीवर अपोलोच्या देवळात सिनेटची, म्हणजे रोमच्या राज्यसभेची बैठक. मॅक्रो नावाचा अधिकारी कॅप्रीहून सम्राटाचं पत्र घेऊन आला आणि सेजानसच्या कानात सांगितलं, तुला मोठा अधिकार मिळतोय. गडी खुशीत आत गेला. बाहेर मॅक्रोने रक्षकांना बक्षिसाचं आमिष दाखवून छावणीत धाडलं आणि देवळाला अग्निशमनवाल्या पहारेकऱ्यांचा वेढा दिला.

पत्र लांबलचक. आधी भलतंच काही, मग त्याच्यावर जरा टीका, परत भलतंच, परत टीका. शेजारी बसलेले हळूहळू उठून लांब जायला लागले 😶 शेवटी, ह्याला ताब्यात घ्या. बैठक चालवणाऱ्या कॉन्सलने हाक मारली, ‘सेजानस, इकडे ये.’ हा बसूनच. हुकूम ऐकायची सवयच नव्हती. तिसऱ्या हाकेला विचारतो, ‘मला बोलावताय?’

बी-६०३ काकू: बाई गं.

सी-४०४ आजोबा: त्याच दिवशी संपवला. नंतर पोरंही मारली, लहानसुद्धा.

डी-१०२: म्हणजे दगा सम्राटाने दिला!

सी-४०४ आजोबा: दिलाच. पण घाबरतही होता तोच. इतिहासकार सुएटोनियस लिहितो, डाव फसला तर पळायला जहाजं तयार ठेवली होती आणि रोमहून येणाऱ्या इशाऱ्यासाठी कड्यावरून नजर लावून बसला होता. जगाचा मालक, आणि स्वतःच्या नोकराला काढायला हा खटाटोप!

ए-२०१: मालक म्हणून राहिला होता का तो? सगळं त्या नोकराच्या हातात देऊन बसला होता.

डी-१०२: मॅक्रोचं काय झालं?

सी-४०४ आजोबा: सेजानसचीच जागा मिळाली. ३७ मध्ये टायबेरियस गेला तेव्हा ह्यानेच अंथरुणं टाकून गुदमरवला, असं इतिहासकार टॅसिटस म्हणतो. मग कॅलिग्युलाला गादीवर बसवलं आणि त्याच कॅलिग्युलाने वर्षभरात ह्याला आत्महत्या करायला लावली.

बी-६०३ काकू: लेकीला वाचून दाखवलं. म्हणते, आई, मी इथे लिंबू सरबत पीत होते गं 🙄