मदत हवी आहे : नाशिकमध्ये एएची मीटिंग

शून्यपासून :
नाशिकमध्ये एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा नक्की कुठे आणि किती वाजता भरतात? यादीतला पत्ता घेऊन काल गेलो होतो, गेट बंद. दिलेला नंबर कोणी उचलत नाही. संध्याकाळची हवी, मराठीतली हवी, कॉलेज रोडला नको. प्रवचन नको, पत्ता हवा. जरा लवकर.

गोदाकाठ :
कोणासाठी? भाऊ? वडील? रोज घेतात का? आणि यादी किती जुनी? हे ग्रुप जागा बदलत असतात. शाळेचा वर्ग मिळाला तर तिथे, नाहीतर चर्चचा हॉल. कॉलेज रोड का नको ते कळलं नाही.

मधुमालती :
ताई, नवऱ्यासाठी असेल तर आधी तुम्ही स्वतः अल-अनॉनला जा. ती पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असते. माझी बहीण पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या सहचरी गटात जायची. नवऱ्याची सुटायला वेळ लागला, पण हिचं रात्री दाराशी बसून राहणं आधी सुटलं.

कडूकारलं :
'गेलो होतो' लिहिलंय. ताई कुठून आली?

मधुमालती :
चष्मा नव्हता. सॉरी दादा. माहिती राहू दे, कोणाला तरी उपयोगी पडेल.

रामबाण :
कशाला मीटिंगा? गोळी मिळते. भाजीत कुस्करून द्यायची, पिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आठ दिवसांत वासानंच मळमळतं. आमच्या गल्लीत तिघांची सुटली.

कडूकारलं :
ती डायसल्फिराम असणार. न सांगता दिली आणि वर माणूस प्यायला तर बीपी खाली येतं, छातीत धडधड होते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ती पेशंटला सांगून, तपासण्या करून देतात. असले सल्ले देऊ नका.

रामबाण :
तिघेही ठणठणीत आहेत. तुम्ही डॉक्टर आहात का?

माउली१९९८ :
वडिलांनी १९९८ला आळंदीला माळ घातली, त्यानंतर थेंब नाही. कार्तिकीला घेऊन जा. माळ घातलेल्या माणसाला मित्रसुद्धा आग्रह करत नाहीत.

गोदाकाठ :
आमच्या काकांनीही घातली होती. लग्नाकार्यात खुंटीला काढून ठेवायचे.

माउली१९९८ :
मग ती माळ नव्हती, दागिना होता.

द्राक्षबाग :
२०२२ला सरकार सुपरमार्केटात वाइन ठेवायला निघालं होतं. तिकडे दुकानं वाढवायची आणि इकडे बिचाऱ्यांनी मीटिंगा शोधायच्या! आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा कुठे दुकान हललं.

कडूकारलं :
हललं म्हणजे शेजारच्या गावात गेलं ना? चंद्रपूरला २०१५ ते २०२१ बंदी होती. तिथे काय मिळत नव्हतं ते सांगा.

द्राक्षबाग :
वेगळा धागा काढा, सांगतो.

शून्यपासून :
पत्ता कोणाकडेच नाही का? स्वतःसाठी विचारतोय. कॉलेज रोडला माझं दुकान आहे, गिऱ्हाईकं भेटतील. रोज हाफ, रविवारी मोजत नाही. परवा रात्रीपासून बंद आहे. हात थरथरतायत, झोप नाही, टाइप करायला वेळ लागतोय. म्हणून म्हटलं लवकर.

दहामार्च :
हे आधी सांगायचं. मी एएमध्येच आहे, नऊ वर्षं झाली. मीटिंग राहू दे, आत्ता सिव्हिलला जा, एकटे जाऊ नका. रोज इतकी घेणाऱ्यानं एकदम तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. तिथे किती घेत होता ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका. आपल्याला सवय असते. जायच्या आधी कोणाशी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६.

गोदाकाठ :
घरी कोण आहे? कळवा.

शून्यपासून :
मुलगा आहे. निघतोय.

रामबाण :
सिव्हिलमध्ये सलाइन लावून घरी पाठवतात. माझी गोळी बघा.

(दोन दिवसांनी)

शून्यपासून :
ठेवून घेतलं होतं, आज सोडलं. गोळ्या रोज कमी करत जायच्या आहेत. झोप लागली. आता पत्ता?
आणि खरं सांगतो, त्या दिवशी गेट बंद नव्हतं. समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले, आत जाणारे मोजले आणि परत आलो. अकरा होते. त्यात एक बाई होती.

दहामार्च :
पहिल्यांदा मी तीन वेळा परत फिरलो होतो. व्यनि (खासगी निरोप) केलाय, पत्ता आणि वेळ त्यात आहे. नाव विचारलं तर पहिलंच सांगायचं, आडनाव नको. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते, तुम्ही पहिल्या दिवशी काही टाकू नका. सोडायची इच्छा असली की पुरे. बोलायची सक्ती नाही. हॉल चर्चचा आहे, आपण भाडं देतो, बाकी संबंध नाही. ओपन मीटिंगला मुलगा येऊ शकतो, क्लोज्डला नाही. गिऱ्हाईक भेटलंच तर तेही तिथे भजनाला आलेलं नसणार.

शून्यपासून :
गुरुवारची बघतो. टपरीपाशी थांबाल?

दहामार्च :
साडेसहाला. निळी स्कूटर.

मधुमालती :
दादा, कळवा हं.

ठाणेकर७ :
पूर्ण धागा वाचला नाही. भावासाठी असेल तर इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. नाशिकहून जवळ आहे. मोबाईल जमा करून घेतात.