‘आर्म्स अँड द मॅन’ बसवताना: सर्जियसचं हसं करायचं की नाही?

तिसरी_घंटा:
बर्नार्ड शॉचं ‘आर्म्स अँड द मॅन’ मराठीत बसवतोय. भाषांतर आमचंच आहे, स्थळकाळ मूळचाच ठेवलाय, म्हणजे बल्गेरिया, १८८५-८६. गोष्ट थोडक्यात: रैनाचा वाग्दत्त सर्जियस युद्धात वीर ठरतो. शत्रूकडचा पळालेला स्विस सैनिक ब्लुंचली तिच्या खोलीत शिरतो, ती त्याला चॉकलेट देते आणि मग तिच्या वडिलांच्या, पेटकॉफच्या, कोटात त्याला निसटवतात. कोटाच्या खिशात रैनाने आपला फोटो ठेवलेला असतो. शेवटी ब्लुंचलीला वडिलांची हॉटेलं मिळतात. पहिला अंक तालमीत छान उभा राहतो. दुसऱ्या अंकात सर्जियस आला की हशा पिकतो, पण थोड्याच वेळात आटतो. तिसरा अंक तर नुसती कोटाची आणि फोटोची धावपळ वाटते. शेवटी बघणाऱ्याच्या हाती काय उरतं? प्रेम खोटं, शौर्य खोटं, हॉटेलवाला ब्लुंचली तेवढा खरा. शॉला एवढंच म्हणायचं असेल असं वाटत नाही. कुठे चुकतंय? शिवाय चॉकलेट खाताना ब्लुंचलीचे संवाद जातात, त्यावरही सांगा. काटछाट करायची तर कुठे?

विंगेतून:
सर्जियस एण्ट्रीलाच मिशा पिळत, छाती काढत येत असेल तर तिथेच खेळ संपला. त्याला हास्यास्पद करायचं काम शॉने परिस्थितीवर सोपवलंय. नटाने तेच आधी उरकून टाकलं की परिस्थितीला करायला काही उरत नाही.

संहितेत तो कसा आहे ते बघा. त्याने हुकूम नसताना मशीनगनवर घोडदळ घातलं आणि जिंकला, कारण समोरच्या तोफखान्याला चुकीची काडतुसं आली होती. दुसऱ्या अंकात तो येतो तेव्हा ही जीत त्याच्या घशात अडकलेली आहे. ज्या दोन कर्नलांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने मार खाल्ला ते मेजर जनरल झाले आणि हा मेजरच राहिला. त्याने राजीनामा दिलाय. बलवान असताना तुटून पडायचं आणि दुबळे असताना लांब राहायचं, ही भित्र्यांची कला म्हणजे सैनिकी पेशा, असं तो स्वतः म्हणतो. हा माणूस मूर्ख नाही. स्वतःचा आदर्श आणि स्वतःची वागणूक यातलं अंतर त्याला दिसतं, आपल्या आत पाच-सहा वेगवेगळे सर्जियस आहेत हेही कळतं, आणि त्याचा त्याला मनापासून त्रास होतो. तो त्रास खरा वाटला की हशा टिकतो.

आता रैना आणि सर्जियसचा ‘उच्च प्रेमा’चा प्रवेश. तुमचे नट तिथे प्रेक्षकांकडे बघून डोळा मारत असणार, माझा अंदाज आहे. तो प्रवेश एखाद्या गंभीर नाटकातला असावा तसा करा. आवाज खाली, हालचाल कमी, पूर्ण श्रद्धा. रैना टोपी आणायला आत गेली की चार-पाच सेकंद काहीच घडू देऊ नका. सर्जियसचे खांदे उतरतात, श्वास सुटतो. मोलकरीण लूका टेबलावरची कॉफीची भांडी आवरायला आलेली असते. तिच्याकडे वळून तो विचारतो, उच्च प्रेम म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला? आणि सांगतो की ते फार वेळ पेलणं भलतंच दमवणारं असतं. आधीची तीन मिनिटं खरी असतील तरच ही ओळ फुटते.

रैनाचंही तेच. पहिल्या अंकात, ब्लुंचली यायच्या आधीच, ती आईला म्हणते की आपल्या वीरश्रीच्या कल्पना बहुधा बायरन आणि पुश्किन वाचून आणि बुखारेस्टला ऑपेरा बघून आल्या असाव्यात. म्हणजे शंका तिच्या मनात आधीपासून आहे, चॉकलेटवाला शिपाई, म्हणजे ब्लुंचली, ती शंका बाहेरून घेऊन येत नाही. ही ओळ घाईत जाते आणि मग रैना नुसती भाबडी दिसते. तिथे थांबा.

प्रॉपर्टीवाला:
चॉकलेटचं सांगतो. आत मऊ क्रीम असलेलं चॉकलेट तोंडात घातलं की टाळ्याला चिकटतं आणि जीभ जड होते. डब्यात तीनच ठेवा, प्रत्येक अर्ध्या सुपारीएवढं, आणि पहिलं संपूर्ण गिळल्याशिवाय संवाद नाही. भूक दाखवायला वेग लागत नाही. डबा रिकामा झाल्यावर बोट फिरवून तो खरवडणं यातच सगळं येतं. दिव्यांखाली चॉकलेट वितळतं, म्हणून डबा अंक सुरू व्हायच्या अगदी आधी लावा. पहिल्या तालमीपासून खरं चॉकलेट वापरा. रंगीत तालमीला पहिल्यांदा खाल्लं की जीभ अडखळणारच.

पिस्तुलाचा क्रम पक्का हवा. ब्लुंचलीला शोधायला खोलीची झडती होते तेव्हा ते ओटोमनवर (पाठ नसलेल्या गादीच्या बैठकीवर) उघडं पडलेलं असतं. रशियन अधिकाऱ्याला दिसत नाही, लूकाला दिसतं. ते प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही दिसलं पाहिजे, म्हणून ओटोमनचं कापड फिकं आणि पिस्तूल काळं. नंतर ब्लुंचली सांगतो की ते भरलेलंच नाही. काडतुसांच्या जागी आपण चॉकलेट बाळगतो आणि तेही केव्हाच संपलं. हे कळेपर्यंत प्रेक्षकाला पिस्तुलाची भीती वाटायला हवी, नाहीतर चॉकलेटची गंमत अर्धी होते.

खिडकीच्या झडपेचं विसरू नका. लूका सुरुवातीलाच सांगून जाते की एका झडपेची खालची कडी गेलीय, ढकललं की उघडते. ब्लुंचली तिथूनच येतो. तुमच्या नेपथ्यात झडपच नसेल तर ओळ काढा, पण कडीबद्दल बोलून मग त्याला दारातून आणू नका.

कोट दोन बनवा, एक घालायचा आणि एक राखीव. फोटोचा खिसा बाहेरून दिसेल असा मोठा शिवा. पेटकॉफला कोट घालायला मदत करताना रैना त्यातून फोटो काढते, ती चोरी समोरच्या अंगाने व्हायला हवी. पाठीमागे झाली तर पुढे पेटकॉफ रिकामा खिसा चाचपतो तेव्हा कोणालाच हसू येत नाही. तुमची ‘धावपळ’ बहुतेक याच जागी आहे.

जुना_वाचक:
काळाचा थोडा तपशील, कारण नटांना तो माहीत नसला की दुसरा अंक हवेत राहतो. पूर्व रुमेलिया (ऑटोमन साम्राज्यातला स्वायत्त प्रांत) आणि बल्गेरिया यांचं एकीकरण सप्टेंबर १८८५ मध्ये झालं, सर्बियाने १४ नोव्हेंबरला युद्ध पुकारलं, स्लिव्हनित्साची लढाई १७ ते १९ नोव्हेंबर. बुखारेस्टचा तह ३ मार्च १८८६ चा, आणि शॉचा दुसरा अंक ६ मार्चला सुरू होतो. तहाला तीनच दिवस झालेत. पेटकॉफ घरी येऊन युद्ध संपलं म्हणतो आणि रैनाच्या आईला, कॅथरिनला, तह रुचत नाही, ती धार या तारखेतून येते. एक फरक लक्षात असू द्या. प्रत्यक्षात रशियाच्या झारने एकीकरणानंतर रशियन अधिकारी बल्गेरियन सैन्यातून परत बोलावले होते. नाटकातले रशियन वरिष्ठ ही शॉची सोय आहे, पत्रकात त्याला इतिहास म्हणू नका. पहिला प्रयोग लंडनच्या अव्हेन्यू थिएटरमध्ये २१ एप्रिल १८९४ ला झाला.

तिसरी_घंटा:
फोटोची जागा खरंच पाठीमागे आहे, बदलतो. पण मूळ शंका राहतेच. शेवटी ब्लुंचली आपल्या हॉटेलांतल्या ९६०० चादरी-ब्लँकेटांच्या जोड्या आणि १०,००० काटे-सुऱ्या मोजतो आणि मुलगी मिळवतो. व्यवहार जिंकला, असंच दिसतं ना?

विंगेतून:
नाही दिसत, पुढच्या दोन ओळी ऐकू आल्या तर. यादी ऐकून आईबाप विरघळतात. रैना मात्र अडते. सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला मी विकली जाणार नाही, असा तिचा सूर असतो. मग तो विचारतो, त्या रात्री खायला आणि झोपायला कोणाला दिलं होतंस? तेव्हा ती म्हणते, माझ्या चॉकलेट क्रीम शिपायाला. ती त्या भुकेल्या, पळून आलेल्या माणसाला निवडते. चादरींचे आकडे बढाईने म्हणू नका. गोदामाची वही वाचल्यासारखे, सपाट आणि भरभर म्हणा.

ब्लुंचली कोरडा व्यवहारी आहे हा समजच मुळात चुकीचा आहे. तो स्वतः कबूल करतो की शहाणा माणूस जवळच्या तळघरात शिरला असता, हा बाल्कनी चढला. कोट नोकराहाती पाठवता आला असता, हा स्वतः घेऊन आला, तिला पुन्हा बघायला. लहानपणी दोनदा घरातून पळालाय. नाटकात खरा व्यवहारी कोण, तर घरचा नोकर निकोला. त्याला सोफियात दुकान टाकायचंय, आणि वाग्दत्त लूकाला तो गिऱ्हाईक म्हणून जास्त किफायतशीर ठरेल या हिशोबाने सोडून देतो. निकोलाला नुसता विनोदी नोकर करू नका. तो थंडपणे उभा राहिला की बघणाऱ्याला आपोआप कळतं, निव्वळ हिशोबी माणूस कसा असतो आणि ब्लुंचली तसा का नाही.

काटछाट करायची तर पेटकॉफचे अंघोळीचे आणि वाचनालयाचे विनोद छाटा. पन्नास धडधाकट माणसं देऊन दोनशे मरतुकडे घोडे घेतल्याची तक्रार काढू नका, ब्लुंचलीची गोष्ट त्या बोलण्यातून निघते. आणि द्वंद्वाच्या आव्हानाला तो म्हणतो की मी तोफखान्याचा माणूस, मशीनगन आणीन आणि या वेळी काडतुसं चुकणार नाहीत, तेही हवंच. पहिल्या अंकाची गाठ तिथे बसते.

अनुवादिका_का:
भाषांतराबद्दल. मराठीत इंग्रजीपेक्षा एक हत्यार जास्त आहे, ‘तू’ आणि ‘तुम्ही’. उच्च प्रेमाच्या प्रवेशात दोघांनाही ‘आपण’ द्या, तत्सम शब्दांसकट. तिसऱ्या अंकात ब्लुंचली रैनाचं खोटं पकडतो आणि ती शेजारी बसून विचारते, तुम्हाला कसं कळलं? तिथे ‘तू’ वर उतरू नका, फक्त ‘कदापि’, ‘सर्वथा’ हे शब्द गळू द्या. वाक्यं आखूड झाली की मुखवटा उतरल्याचं कानाला कळतं.

ब्लुंचलीचं उलटं करा. तो तिला सतरा वर्षांची शाळकरी मुलगी समजतो, म्हणून तिसऱ्या अंकात दटावताना ‘तू’ निसटू द्या. ती तेवीस वर्षांची आहे हे कळताक्षणी तो ताठ उभा राहून ‘आपण’ म्हणतो आणि रीतसर मागणी घालतो. लूका शेवटी रैनाला नुसत्या नावाने हाक मारते आणि विचारते, ती मला लूका म्हणते, मग मी का नाही? आधी तिच्या तोंडी प्रत्येक वेळी ‘बाईसाहेब’ असेल तर ही हाक चापटीसारखी बसते. एखाद्या ठिकाणी जरी ‘ताई’ आलं तरी जोर गेला.

विंगेतून:
एक राहिलं. ब्लुंचलीने आपली गोष्ट ज्या मित्राला सांगितली होती, तो तिसऱ्या अंकात जिवंत जळाल्याची बातमी येते. कमरेत गोळी लागून लाकडाच्या वखारीत पडला होता, तोफगोळ्यांनी लाकडं पेटली, आणखी पाच-सहा जण त्याच्याबरोबर गेले. आधी हशा चालू असल्याने नट हे उरकून टाकतात. आधीच्या हशाला पूर्ण बसू द्या, मग ब्लुंचलीने कसलाही सूर न लावता सांगावं. रैनाला लगेच बोलू देऊ नका. यानंतर सर्जियस युद्धाला फसवणूक म्हणतो, ते त्याचं नाटकातलं सगळ्यात हलकं बोललेलं वाक्य असू द्या.