भाई केशवराव धोंडगे दिल्लीला एकदाच का गेले?

मन्याडकाठ (प्रश्न):
नांदेड जिल्ह्यातल्या कंधारमधून पाच वेळा आमदार झालेले शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे 1977 मध्ये नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले, परंतु त्यानंतर ते त्या सभागृहात पुन्हा दिसले नाहीत. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीवर गेरूने काढलेला खटारा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) बैलगाडीचे निवडणूक चिन्ह, होता. चुन्याचे दोन हात बसले तरी पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा चाकांच्या आऱ्या अजून उमटतात. एवढी मुळे असताना दिल्ली एकदाच का?

जुना कार्यकर्ता:
त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील 48 जागांपैकी शेकापला 5 मिळाल्या आणि त्यांतल्या 3 मराठवाड्यातल्या होत्या: नांदेडला धोंडगे, लातूरला उद्धवराव पाटील, परभणीला शेषराव देशमुख. राज्याचे मुख्यमंत्रिपद तेव्हा नांदेडच्याच शंकरराव चव्हाणांकडे होते, तरीही जिल्ह्याने आणीबाणीत तुरुंगात राहून आलेल्या माणसाला मत दिले, यावरून लोकांच्या रागाची कल्पना यावी. मात्र लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात आणि धोंडग्यांचा जीव होता तो कंधारात; बाकीच्या तालुक्यांतली मते जनता पक्षाशी झालेल्या समझोत्यामुळे आणि काँग्रेसविरोधी लाटेमुळे आली, असे माझे मत आहे. 1979 मध्ये जनता सरकार कोसळले, लोकसभा विसर्जित झाली आणि 1980 मध्ये काँग्रेसकडून नांदेडला शंकरराव चव्हाण व लातूरला शिवराज पाटील निवडून आले. लाट ओसरल्यावर लहान पक्षाच्या हाती आपला तालुका तेवढा उरतो.

गोदावरीचा वाचक:
लाटेचे म्हणणे मान्य, पण ‘तालुका तेवढा’ हे शब्द मला खटकले. निजामी राजवटीतून 1948 मध्ये सुटलेल्या या भागात खेड्यातल्या मुलाला शाळा मिळणे हीच मोठी गोष्ट होती. धोंडग्यांनी काढलेल्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या नावातला ‘मोफत’ हा शब्द त्या काळी काय वजनाचा असेल, हे ज्यांच्या घरात फी भरायला पैसे नव्हते त्यांना विचारावे. पाच वेळा आमदारकी मिळाली ती या कामावर, खासदारकीचा हिशेब त्याच मापाने करू नये.

जुना कार्यकर्ता:
शब्द मागे घेतो, मुद्दा मात्र नाही. शाळेत शिकलेली पिढी त्यांना भाई म्हणत राहिली, पण तिची मते पक्षाकडे राहिली नाहीत.

मन्याडकाठ:
आमच्या घरातही तेच झाले. 1 जानेवारी 2023 रोजी वयाची शंभरी ओलांडलेले भाई गेले, तेव्हा वडील दिवसभर त्यांच्याविषयीच बोलत होते. वडिलांनी स्वतः खटाऱ्याला शेवटचे मत कधी दिले, हे मात्र त्यांना आठवेना.