आधी ‘झोंबी’, मग ‘गोतावळा’

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की आत्मचरित्रं म्हणजे स्वतःचीच आरती, त्यापेक्षा कादंबरी बरी. पटलं नाही बुवा. गेल्या महिन्यात आनंद यादवांची आत्मचरित्रात्मक ‘झोंबी’ (१९८७) आणि लगेच त्यांचीच ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी वाचली. म्हणजे क्रम उलटाच झाला, पण त्यामुळेच मजा आली.

‘झोंबी’त कसली आलीय आरती! पोरानं शाळेत जायचं की शेतात राबायचं, यावरनं बापाशी चाललेली ओढाताण आहे सगळी. आमच्या कोल्हापुरातनं यादवांचं कागल जेमतेम वीस किलोमीटर, येता-जाता ती शिवारं दिसतात. आता ऊसच ऊस. आई शेंगा फोडत बसली होती, तिला दोन पानं वाचून दाखवली. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, “आमच्या आप्पांनी पण माझं दप्तर असंच माळ्यावर टाकलं होतं.” एवढं बोलून परत शेंगा फोडायला लागली. मला हे आजवर माहीतच नव्हतं.

‘गोतावळा’ मात्र सावकाश वाचा. ट्रॅक्टर येतो आणि गड्याची जीव लावलेली जनावरं एकेक करून जातात, बस्स, गोष्ट एवढीच. पण त्या गड्याच्या, नारबाच्या तोंडची ती बोली! पुण्यातल्या मित्राला पहिली वीस पानं जड गेली म्हणे. मोठ्यानं वाच म्हणालो, मग गाडी सुटली त्याची.

‘झोंबी’च्या पुढची ‘नांगरणी’ करवीर नगर वाचन मंदिरातनं आणलीय, अजून उघडायचीय. कुणी वाचली असेल तर सांगा, पण शेवट फोडू नका.